खडूच्या वीस रेघा

"आनी एक घागर वत की," अव्वा हौदातून म्हणाली. "हाडं वाजाय लागल्यात माजी."

माझ्या भावजयीनं, सौंदर्यानं, बंबाची तोटी सोडली, कढत पाण्याची घागर भरली आणि अव्वाच्या अंगावर जाणार नाही अशा बेतानं हौदाच्या कडेनं हळूहळू ओतली. मग स्वतःचा हात कोपरापर्यंत पाण्यात घालून अंदाज घेतला. मी बाजूला उभी होते. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात खडूचा तुकडा. मला घड्याळ लावायचं आणि मोजायचं काम दिलेलं होतं.

"सुरू करायचं का?" मी विचारलं.

"थांब की जरा. तुजी काय पुन्याची गाडी चुकाय लागलीया व्हय?"

सौंदर्या हसली. हौदाशेजारी पालथ्या डब्यावर पंच म्हणून बसलेल्या शेजारच्या बाळाबाईही हसल्या. मी मोबाईलकडे बघितलं.

जानेवारीतला शेवटचा रविवार होता, सकाळचे साडेसात. उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या घरामागे मिरची कांडपाची शेड आहे आणि शेडच्या मागे हा सिमेंटचा हौद. आठ फूट लांब, चार फूट रुंद, उभं राहिलं तर कमरेच्या वर पाणी. त्यात माझी सहासष्ट वर्षांची आई, दानम्मा, माझ्या भावाची जुनी ट्रॅकपँट आणि त्याच्या साखर कारखान्याच्या क्रीडादिनाचा ढगळ टी-शर्ट घालून उभी होती. गळ्यातल्या लिंगाचा दोरा तिनं आखूड करून घेतला होता. कपाळावर विभूती मात्र रोजच्यासारखी, तीन बोटांची.

या सगळ्याला कारण झाला होता एक फ्लेक्स. शेजारच्या हंबीररावांची सून संयोगिता डिसेंबरात कुठल्याशा ट्रायथलॉनमध्ये भाग घेऊन आली. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. तिनं ते पूर्ण केलं आणि तालमीच्या पोरांनी चौकात तिचा बारा फुटी फ्लेक्स लावला. अव्वा रोज सकाळी दुधाला जाताना त्याच्याखालून जायची आणि रोज घरी येऊन तेच बोलायची.

"तीनच कामं केली न्हवं तिनं? पवली, सायकल मारली, पळाली. आमी येका दिसात तेरा कामं करतो, आमचा फोटू लावला का कुनी?"

"जळताय व्हय अत्ती?" सौंदर्या विचारायची. सासूला ती कन्नड घरातल्यासारखं अत्ती म्हणते.

"जळतो की. खोटं कशाला बोलू?"

अव्वाचं हे बरं होतं. जळायची तर ती तोंडानं जळायची आणि मोकळी होऊन भाकऱ्या थापायला बसायची. मला ते कधी जमलं नाही.

तर सौंदर्यानं घरच्या घरी ट्रायथलॉन काढलं. हौदात पोहायचं, अप्पांची जुनी सायकल स्टँडवर लावून वीस मिनिटं मारायची आणि गच्चीवर एकवीस फेऱ्या पळायच्या. मला हे फोनवर कळलं, तेही महांतेशकडून, म्हणजे माझ्या भावाकडून, दुसरंच काही बोलताना. मी रागावले. अव्वाचा दम वाढला होता. एकतीस वर्षं मिरचीची पूड छातीत गेलेली. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं की कांडप बंद करा. मी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, एकटी राहते, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यातली एक खोली मी तिच्यासाठी रिकामी केली होती. पुस्तकांची दोन कपाटं हॉलमध्ये आणली, खिडकीपाशी कॉट लावली. दोन महिने मी फोनवर 'कधी येतेस' म्हणून विचारत होते आणि ती 'बघू की' म्हणत होती. फेब्रुवारीच्या मध्यात कांडपाचा हंगाम सुरू होणार होता. त्याआधी तिला घेऊन जायचं म्हणून मी आले होते.

आदल्या दिवशी सकाळी पोहे खाताना मी पैज लावली.

"उद्या तुझं हे सगळं पूर्ण झालं तर राहा इथं. मी पुन्हा विषय काढणार नाही. आणि नाही झालं तर माझ्याबरोबर पुण्याला यायचं. हंगाम होईपर्यंत तरी."

अव्वानं सौंदर्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं."

आधी माझ्याकडे बघायला हवं होतं, असं मला वाटलं.

"करा सुरू," आता ती हौदातून म्हणाली. मी घड्याळ चालू केलं.

ठरलं होतं ते असं, की काठ धरून पाय मारायचे, पाचशे वेळा. पोहणं म्हणजे तेवढंच. अव्वानं पन्नास-साठ वेळा पाय मारले, सगळ्यांना भिजवलं आणि मग काठ सोडून दिला. मी पुढे धावले. पण ती पाण्यावर उताणी तरंगत होती, पोट वर, दोन्ही हात पसरून. मग एका अंगावर वळली, भिंतीला पाय रेटून सरळ गेली, पलीकडच्या भिंतीला हात लावून परत आली. आठ फुटांचं ते अंतर तिला दोन हातांत संपत होतं.

"तुला पोहता येतं?" मी विचारलं.

उत्तर सौंदर्यानं दिलं. "येतंय म्हंजे? अत्ती हिरण्यकेशीत पवायच्या की. पुराच्या पान्यात घागर पोटाखाली धरून पल्याड गेलत्या एकदा."

"बारा वर्साची हुतो," अव्वा तोंडातलं पाणी टाकत म्हणाली. "बानं चाबकानं हानलं."

दोघींची माहेरं हिरण्यकेशीच्या काठची, संकेश्वरच्या दोन बाजूंना. मी बेचाळीस वर्षांची होते आणि माझ्या आईला पोहता येतं हे मला त्या सकाळी कळलं. मी सातवीत असताना मैत्रिणी पंचगंगेवर पोहायला शिकायला जायच्या. मला जायचं होतं. तेव्हा अव्वानं सांगितलं होतं, "आपल्यात कुनाला पवाय येत न्हाई. तू नगो जाऊ."

"किती झाल्या?" बाळाबाईंनी विचारलं.

मी मोजायचं विसरले होते. सौंदर्या विसरली नव्हती. "एकवीस येरझाऱ्या. बास की आता, गारठून जाशीला."

तिनं अव्वाला बाहेर काढलं, पंचा गुंडाळला, केस पुसले, शेडमध्ये नेऊन कोरडे कपडे चढवले. मी दाराशी उभी राहिले. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, कन्नडमध्ये. अव्वा आम्हा भावंडांशी घरात कायम मराठीच बोलली. शाळेत मागं पडू नये म्हणून. आठ वर्षांपूर्वी सौंदर्या लग्न करून आली आणि अव्वाला तिची भाषा परत मिळाली. मला त्यातलं अर्धंमुर्धं कळतं. सासू-सुना भांडल्या की लेकीला माहेरी किंमत येते. आमच्या घरात त्या भांडतच नव्हत्या.

कांडपाच्या त्या शेडमध्येही मी परकीच होते. अव्वानं ते सुरू केलं तेव्हा मी अकरा वर्षांची. लोखंडी मुसळं वर-खाली होत, जमीन हादरे, लाल धुरळा उडे. बायका ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, खोबरं, तीळ, धणे असं सगळं डब्यांत घेऊन ओळीनं बसत. प्रत्येक घराचं चटणीचं माप वेगळं, आणि ते अव्वाला तोंडपाठ. कुणाचं माप कुणाला सांगायचं नाही हा तिचा नेम होता. एकदा एका घरातल्या वेगळ्या झालेल्या मोठ्या जावेनं धाकटीचं माप विचारलं, तर अव्वानं तिचा डबा परत केला. मी दाराशी जरी गेले तरी ती ओरडायची, "आत यायचं न्हाईस. बुकं घिऊन माळ्यावर जा." मी गेले. माळ्यावर बसून जे मिळेल ते वाचलं. पुढे वाचण्याचीच नोकरी लागली. अव्वाला त्याचा अभिमान होता, ती कांडपावर आलेल्या प्रत्येकीला सांगायची.

सौंदर्याला मात्र लग्नानंतर चौथ्या दिवशी तिनं तोंडाला फडकं बांधायला दिलं आणि आत घेतलं.

सायकल अंगणात होती. अप्पा मार्केट यार्डात तोलार होते, तीस वर्षं याच सायकलवर गेले-आले. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. शाळेत असताना मी पुढच्या नळीवर बसायची, माझ्या डोक्यावर त्यांची हनुवटी असायची. ती सायकल माळ्यावर गंजत पडली होती. सौंदर्यानं ती खाली उतरवली होती, साखळीला तेल दिलं होतं, सीटवर गोधडीचा तुकडा शिवला होता. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं काही कारणही नव्हतं.

"बसा अत्ती. घट धरा."

अव्वा स्टुलावर चढून सायकलवर बसली. संयोगितानं भिंतीवरून आपलं हेल्मेट दिलं होतं, निळं, चोचीसारखं. ते अव्वाच्या अंबाड्यावर बसेना. अंबाडा सोडून वेणी घातली, तेव्हा बसलं.

"तुज्या अप्पानं येकदा बी बसू दिलं न्हाई हिच्यावर," ती पायडल मारत मला म्हणाली. "म्हनायचा, पडलीस तर कांडप कोन चालवंल? जसं काय मी पडूनशान कामाचीच खोटी करनार."

"मला पुढं बसवायचे," मी म्हणाले.

"तुला बसवायचा की. राजकन्या हुतीस तू." आणि तिनं घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. मग वाजवतच राहिली.

मागचं चाक हवेत गरगर फिरत होतं. शेजारच्या गोठ्यातली हंबीररावांची म्हैस त्या आवाजानं बिचकून ओरडली आणि अव्वा इतकी हसली की हेल्मेट नाकावर आलं. सौंदर्यानं तेवढ्यात फोटो काढला. मला वाटलं, आपणही काढावा. मग वाटलं, तिनं काढलाय, तर आता नको.

वीस मिनिटं झाली. अव्वा उतरली तेव्हा तिचे पाय कापत होते. दम लागला होता, पण बोलता येण्याइतका होता. आम्ही गच्चीवर गेलो. जिन्यात सौंदर्या तिच्या मागे, एक हात पाठीशी धरून. मी पुढे.

गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी आहे. नियम असा होता, की अव्वानं एक फेरी पूर्ण करून टाकीला थाप मारायची आणि मी टाकीवर खडूनं रेघ ओढायची. एकवीस रेघा झाल्या की संपलं. बाळाबाई चटईवर बसल्या. पलीकडच्या गच्चीवर हंबीरराव दात घासत उभे होते.

"दानम्मा वैनी, फ्लेक्स किती फुटी करायचा?"

"तुमच्या सुनंपरास येक फूट मोठा!" अव्वा म्हणाली आणि निघाली.

ती पळत होती असं म्हणता येणार नाही. लगबगीनं चालताना मधूनच दोन पावलं उडी घेतल्यासारखी टाकायची. पहिली फेरी संपवून तिनं टाकीला थाप मारली आणि ओरडली, "लाभ!"

आमच्याकडे माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन. कांडपावर आलेल्या मिरच्या अव्वा अशाच मोजून घ्यायची. हे मला लहानपणापासून माहीत आहे. माळ्यावर बसूनही ऐकू यायचंच. मी खडू वर उचलला.

पण तेवढ्यात सौंदर्या पुढे झाली आणि तिनं पदरानं अव्वाच्या मानेवरचा घाम पुसला. अव्वा क्षणभर थांबली आणि तिनं आपलं डोकं सौंदर्याच्या खांद्याला टेकवलं. डोळे मिटले. एवढंच. मग ती पुढे गेली.

मी खडू हातात धरून उभी राहिले. माझ्या आठवणीत अव्वानं कुणाच्या खांद्यावर डोकं टेकवलेलं नव्हतं. अप्पा गेले त्या दिवशीही ती सगळ्यांना चहा झाला का विचारत होती. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर म्हणाली, "तू रडू नगो, तुजं डोकं दुकतंय मग."

दुसऱ्या फेरीला ती "एरडु" म्हणाली, म्हणजे दोन. मी एक रेघ ओढली. पहिल्या फेरीची रेघ राहिली आहे हे मला त्याच वेळी कळलं. खडू टाकीवर टेकलेलाच होता. मी तो उचलून घेतला.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

सहा, सात, आठ. बाळाबाई चहाचं बघायला खाली जाऊन आल्या. हंबीररावांचे दात घासून झाले, तरी ते हलले नाहीत. "वैनी, म्हस बी दमली बगून बगून!" ते म्हणाले, आणि अव्वानं त्यांना न थांबता एक हात दाखवला. बाराव्या फेरीपासून ती नुसती चालायला लागली. चौदाव्याला तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पंधराव्याला ती कठड्यावर बसली.

सौंदर्यानं पाणी दिलं. "बास करूया का अत्ती? हितवर झालं त्येच लई झालं."

अव्वानं माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर माझी खोली होती. खिडकीपाशी कॉट, संध्याकाळी मी घरी येते, ती दार उघडते. आम्ही दोघीच. चार महिने तरी. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं, माझंही बरोबर होतं, आणि तरी त्या क्षणी मला तिच्या फुप्फुसांची काळजी वाटत नव्हती. मला ती हवी होती.

ती उठली. सोळा. सतरा. आता ती आकडा बोलत नव्हती, फक्त थाप मारत होती. सौंदर्या तिच्या बरोबरीनं चालत होती आणि तीच आकडे बोलत होती. शेवटच्या फेरीला बाळाबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अव्वानं टाकीला थाप मारली, दोन्ही हात वर केले आणि तशीच टाकीला टेकून उभी राहिली.

"झाली बया! एकवीस!" बाळाबाई म्हणाल्या.

"वीस झाल्यात," मी म्हणाले.

बाळाबाईंच्या टाळ्या थांबल्या.

"अक्का, एकवीस झाल्या की ओ," सौंदर्या म्हणाली. "मी बरुबरच हुतो."

"मोजून बघ. मी प्रत्येक फेरीला रेघ ओढलीय."

तिनं बोट लावून मोजल्या. पाच, दहा, पंधरा, वीस. मग परत मोजल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी टाकीकडे बघत होते.

"असं कसं?" बाळाबाई म्हणाल्या. "मी बी ध्यान ठिऊन हुतो..."

"तुम्ही चहाला खाली गेला होता, बाळाबाई."

अव्वानं मान वळवून रेघांकडे बघितलं, चांगलं निवांत बघितलं. मापात एक मूठ कमी असली तर ती नुसत्या नजरेनं सांगायची. मला वाटलं आता ती म्हणेल, खोटं लिवलंस तू. किंवा म्हणेल, बास, दमलो मी, चल पुन्याला. दोन्हींपैकी काहीही मी ऐकून घेतलं असतं.

"लिवणारीचं खरं," ती म्हणाली. "सरा बाजूला."

सौंदर्या तिच्याबरोबर निघाली, तर अव्वानं तिला हातानं थांबवलं. "तू ऱ्हा हितं."

आणि ती पळाली. आधीच्या एकवीस फेऱ्यांत ती पळाली नव्हती, ती बाविसावीला पळाली. हेल्मेटसाठी घातलेली करडी वेणी पाठीवर आपटत होती. एका हातानं तिनं ढगळ टी-शर्ट पोटाशी धरला होता. वाळवणाच्या तारेखाली मान वाकवली, वळणावर कठड्याला हात लावून वळली, मागच्या बाजूला गेली तेव्हा जिन्याच्या छपराआड क्षणभर दिसेनाशी झाली. मग ती पलीकडून आली. चेहरा लालबुंद, तोंड उघडं. तिनं टाकीला थाप मारली आणि तिथंच खाली बसली.

"वड रेग," ती म्हणाली.

मी ओढली.

खूप वेळानं तिला बोलता आलं. "आता न्हेत न्हाईस न्हवं मला?"

"नाही," मी म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीनं मी पुण्याला परत आले. कॉट तिथंच ठेवली. त्यावर काही दिवसांनी पुस्तकं साठली.

हंगाम तिनं पुरा केला. जूनपर्यंत कांडप चाललं. फोन केला की मागून मुसळांचा आवाज यायचा आणि ती ओरडून बोलायची. जुलैत दम वाढला. दवाखान्यात ठेवलं. नऊ दिवस मी तिच्या उशाशी होते आणि नऊही दिवस सौंदर्या होती. शेवटच्या चार दिवसांत अव्वाचं मराठी गेलं. ताप होता, ऑक्सिजन होता, आणि मधूनच ती जे काही बोलायची ते सगळं कन्नड. नर्स विचारायची, काय म्हणतात आजी? सौंदर्या सांगायची. पाणी मागतात, पाय चेपा म्हणतात, म्हशीला कुणीतरी बांधा म्हणतात. नर्सला सांगून झालं की मान वळवून मलाही सांगायची. मी हो म्हणायची. माझ्या आईचं बोलणं मला माझी भावजय समजावून सांगत होती आणि मी तिचे आभार मानत होते.

चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. फोटो सौंदर्यानं दिला होता, सायकलवरचा. तालमीच्या पोरांनी आजूबाजूचं सगळं कापून मागे निळं आकाश आणि ढग घातले होते. हेल्मेट नाकावर आलेलं, अव्वा हसते आहे. मला सगळे म्हणाले, किती छान फोटो आहे. छानच होता. फोटोत ती बघत होती फोटो काढणारीकडे.

महिनाभरानं मी पुन्हा आले, कागदांवर सह्या करायच्या होत्या म्हणून. दुपारी महांतेश कामावर गेला होता. शेडमधून घासण्याचा आवाज येत होता, म्हणून मी गेले. सौंदर्या खाली बसून मुसळांना तेल लावत होती. पावसाळ्यात गंज धरतो. मी दाराशीच थांबले, सवयीनं.

"या की आत, अक्का," ती म्हणाली. तिनं पोतं सरकवलं. मी बसले.

बराच वेळ ती काम करत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "येक बोलू? राग मानायचा न्हाई."

"बोल."

"त्या दिशी एकवीसच झालत्या."

"माहीत आहे," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. "अत्तीस्नी बी ठावं हुतं. मी रातच्याला पाय चेपताना इचारलं, भांडला का न्हाईसा म्हनून. मी तर भांडनारच हुतो तुमच्यासंगं."

"मग?"

"म्हनाल्या, लेकराला तोंडावर न्हाई म्हनाय माजा जीव हुईना. म्हनून पळलो."

बाहेर गोठ्यात कुणीतरी बादली आपटली. सौंदर्यानं पुढचं मुसळ पुसायला घेतलं. तिच्या हातांना कोपरापर्यंत तेल लागलं होतं. हे मला अव्वानं सांगायला हवं होतं. किंवा कुणीच नाही. पण अव्वानं ते हिलाच सांगितलं, आणि ही ते जानेवारीपासून जपून बसली होती. तिनं सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. त्याचाही मला राग आला. पण त्या रागानं काहीच बदललं नाही.

"मराठीत म्हणाली?" मी विचारलं.

"न्हाई. आमी दोगी कवा मराठी बोलायचो?"

"कसं म्हणाली?"

तिनं फडकं खाली ठेवलं. क्षणभर शेडच्या पत्र्याकडे बघितलं, नेमकं आठवायला. मग म्हटलं. मराठीतल्यापेक्षा ते पुष्कळ लहान होतं. त्यातला 'कूसु' हा एकच शब्द मी ओळखला, म्हणजे लेकरू. बाकीचे शब्द एकात एक मिसळून निघून गेले. आवाज सौंदर्याचा होता, पण शेवटाला चढणारा हेल अव्वाचा होता.

"पुन्हा म्हण," मी म्हणाले.

तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान पोरीला शिकवावं तसं.